एका शब्दाने रस्ता सुटला

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आळीतल्या गढूळ पाण्यावरच्या तुझ्या पोस्टवरून नगराध्यक्षांनी तुला अब्रुनुकसानीची नोटीस धाडली, तिचा रात्री पावणेबाराला तू पाठवलेला फोटो सकाळी चहाबरोबर वाचला. चार पानं, वकिलाचा गोल शिक्का आणि शेवटी ‘१५ दिवसांत जाहीर माफी, नाहीतर २५ लाख’. आकडा पाहून घाम फुटावा म्हणूनच तो लिहिलेला असतो. माझ्या कपाटात अशा सहा नोटिसा आहेत, वाळवीने खाल्लेली सातवी धरली नाही. तेव्हा आधी नीट जेव.

पोलीस पकडायला येतील का, हा तुझा पहिला प्रश्न. या नोटिशीवरून तरी नाही. अब्रुनुकसानी पूर्वी दंडसंहितेच्या कलम ४९९-५०० मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये गेली. शिक्षा २ वर्षांपर्यंतची साधी कैद, पण गुन्हा अदखलपात्र. पोलीस परस्पर उचलत नाहीत, नगराध्यक्षांना स्वतः दंडाधिकाऱ्यांपुढे तक्रार घेऊन जावं लागेल.

दुसरं तू मोठ्या खात्रीने लिहिलं आहेस: ‘काका, मी खरं तेच लिहिलंय, मग काय करणार ते?’ इथे थांब. नुसतं खरं असून भागत नाही. कायद्यातला पहिला अपवाद असा आहे की आरोप खरा हवा आणि तो जाहीर करणं लोकहिताचं हवं. शिवाय खरं आहे हे तुला दाखवावं लागतं. गावात सगळ्यांना माहीत आहे, ही साक्ष कोर्टात चालत नाही.

हे मी कुठे शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही. साप्ताहिक काढायला लागून चार वर्षं झाली होती. बाजाराकडे जाणारा नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला. मी सायकल काढली, मुलाच्या कंपासमधली लाकडी पट्टी घेतली आणि उखडलेल्या कडेला ती उभी लावून सात ठिकाणी डांबराच्या थराची जाडी मोजली. कामाच्या कागदात ५० मिलिमीटर होती. माझी पट्टी कुठे २८, कुठे ३१ दाखवत होती. एका जागी तर खालची माती दिसत होती. सातही मापं, ठिकाणं, तारीख असं सगळं वहीत लिहिलं. बातमी घट्ट होती. पण रात्री अंक लावताना माझा हात शिवशिवला आणि मथळ्यात मी ठेकेदाराचं नाव घालून लिहिलं, ‘रस्ता खाल्ला, लाच चारली’.

खटला सात वर्षं चालला. बसने जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन परतायचं. साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलाने मापांबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘लाच देताना तुम्ही पाहिलं?’ मी म्हणालो, ‘नाही.’ ‘कोणाला दिली, नाव सांगा.’ मला नाव माहीत नव्हतं. शेवटी पैसे आणि दम दोन्ही संपले आणि तडजोड झाली. पान चारवर चौकटीत मी दिलगिरी छापली. दुसऱ्या दिवशी तो ठेकेदार गावभर तो अंक दाखवत फिरला: बघा, संपादकाने कबूल केलं, बातमी खोटी होती. २८ मिलिमीटर कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. ‘लाच’ या माझ्या एका शब्दाने अख्खा रस्ता सुटला.

म्हणून तुझी पोस्ट मी छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन बसलो. ‘१२ तारखेपासून आमच्या आळीत गढूळ पाणी येतंय’ हे तू बाटल्या भरून, तारखा टाकून दाखवलं आहेस. ते राहू दे. ‘तीन अर्ज दिले, पोच आहे, उत्तर नाही’ हेही राहू दे. ‘इतका निगरगट्ट कारभार मी पाहिला नाही’ हे तुझं मत झालं. ते कडक आहे, पण मत कडक असायला हरकत नसते. उरलं ते शेवटचं वाक्य, ‘नगराध्यक्ष चोर आहेत, गाळणीचे पैसे घरी नेले’. तुझ्याकडे बिल आहे? ठेक्याची फाइल पाहिलीस? नाही ना, मग ते वाक्य तुझं नाही, ऐकीव आहे. तेवढंच मागे घे, आणि त्याच दिवशी गाळणीच्या खर्चासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाक. पुढे कागद मिळाले तर हेच वाक्य आकड्यांसकट लिही. तेव्हा ‘चोर’ हा शब्द लागणारच नाही.

तुझी आई म्हणते, सगळंच पुसून टाक. तिचा राग करू नकोस, तिला पालघर आठवत असेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, आणि पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की माणसं रोज जन्मतात, रोज मरतात, त्यासाठी बंद कशाला. तिच्या मैत्रिणीने फक्त ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. त्या मुलीच्या काकांचा दवाखाना जमावाने फोडला. लावलेल्या कलमांमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ होतं, ज्यात एखाद्याला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होणंही गुन्ह्याला पुरे पडायचं. आता सांग, ज्या टीकेने कुणाला त्रास होत नाही ती टीका कसली? सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द केलं. गंमत म्हणजे, रद्द झालेलं हे कलम पुढे कित्येक वर्षं ठाण्याठाण्यांतून लावलं जात होतं, आणि २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला त्यावर आश्चर्य व्यक्त करावं लागलं. हक्क पुस्तकात असतो, ठाणे अंमलदाराच्या टेबलावर तो पोहोचायला वेळ लागतो. त्या निकालाची छापील प्रत माझ्या पिशवीत अजून असते.

त्या निकालातली एक पायरी मात्र पाठ कर, कारण तुझ्या हंडा मोर्चाशी तिचा थेट संबंध आहे. एखाद्या गोष्टीची चर्चा करणं वेगळं, ती जोरात मांडणं, अगदी चिडून मांडणंही वेगळं, आणि चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोन्हींना राज्याने हात लावायचा नाही, मग ती कितीही झोंबोत. तिसऱ्यापाशी राज्याला हात घालता येतो. संविधानाच्या १९(२) मध्ये ‘वाजवी निर्बंध’ कशासाठी घालता येतील याची मोजकी यादी आहे: देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, न्यायालयाचा अवमान, अपराधास चिथावणी अशी. त्या यादीत ‘कुणाचा तरी अपमान वाटणे’ नाही, आणि सरकारवर टीका तर नाहीच.

मोर्चात तुमच्या त्या उंच पोराने माइक घेतला आणि नगराध्यक्षांच्या घराची खूण सांगून म्हणाला, ‘आज रात्रीच बघू, काचा शिल्लक ठेवायच्या नाहीत.’ तू मला विचारलंस, त्यालाही बोलायचं स्वातंत्र्य नाही का? समोर तापलेली दोनशे माणसं, घर माहीत, वेळ ठरलेली. नाही, त्याला ते नाही. तू माइक काढून घेतलास, बरं केलंस. त्यावरून तो तुला ‘सरकारी बाई’ म्हणतोय तर म्हणू दे.

आणि एक टोचेल असं. नगराध्यक्षांच्या पुतण्याने तुझी नक्कल करणारा व्हिडिओ टाकला, तर तू त्याच्यावर गुन्हा नोंदवायला निघालीस. मी पाहिला तो. तुझा चष्मा, तुझं ‘म्हणजे काय’, सगळं चांगलं उचललंय. धमकी असती तर मीच तुझ्याबरोबर ठाण्यात आलो असतो, पण ही टिंगल आहे. नागपूरला १९४६ मध्ये न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एका वृत्तपत्राच्या प्रकरणात म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम खंबीर, धीट, समंजस माणसाच्या मापाने जोखायचा, डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नाही. मार्च २०२५ मध्ये एका खासदाराच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप पुन्हा हातात घेतलं. नगराध्यक्षांनी त्या मापाने तुझं लिहिणं मोजावं असं वाटत असेल, तर पुतण्याचा व्हिडिओही त्याच पट्टीने मोज.

रविवारी दहाच्या गाडीने ये. नोटिशीची मूळ प्रत पाकिटासकट आण, पाकिटावरची तारीख लागते. अर्जांच्या पोच आण, आणि पाण्याची एक बाटली न उघडता आण, तालुक्याच्या प्रयोगशाळेत देऊ. उत्तराचा मसुदा माझ्या ओळखीच्या वकीलबाई बघतील, त्या फी मागणार नाहीत पण काकूच्या हातचं थालीपीठ मागतील. काकूने भाजणी दळून आणली आहे.

तुझा,
काका