सगळ्यात फुसका विनोद कोणता?

(वाचकांचे प्रश्न, आमच्या स्तंभलेखिकेची उत्तरं)

गेल्या अंकात मी 'द सिम्पसन्स'वर ओझरतं काही लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. १७ डिसेंबर १९८९ला अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झालेली ही अ‍ॅनिमेशन मालिका अजून चालू आहे. होमर आणि मार्ज हे नवरा-बायको आणि बार्ट, लिसा, मॅगी ही त्यांची मुलं, अशा सिम्पसन कुटुंबाची ही गोष्ट. ज्यांनी तिच्यावर जीव लावला, तेच तिच्यावर सगळ्यात जास्त चिडतात, हे पत्रांवरून दिसतंच. म्हणून यावेळी एवढाच विषय घेतला आहे.

ताई, आमच्या ग्रुपमध्ये कडाक्याचं भांडण झालंय. मालिकेतला सगळ्यात फुसका विनोद कोणता? मित्र म्हणतो, साइडशो बॉब दाताळ्यांवर पाय देत सुटतो तो. एकच गोष्ट किती वेळा दाखवायची! मी म्हणतो, शर्यतीतले जॉकी जमिनीखाली राहणारे जादूचे बुटके निघतात तो. तुम्हीच निकाल द्या.

मित्राचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. तुमचं अर्धं पटतं.

आधी दाताळी. १९९३ सालच्या 'केप फिअर' या भागात बॉब बार्टच्या जिवावर उठलेला असतो. सिम्पसन कुटुंबाच्या गाडीच्या पोटाखाली स्वतःला बांधून घेऊन तो त्यांच्या मागे येतो. वाटेत ती गाडी निवडुंगातून जाते, आणि त्यातूनही तो वाचतो. मग तो खालून बाहेर सरपटतो, उभा राहतो, पाऊल टाकतो आणि पाय नेमका दाताळ्याच्या दात्यांवर पडतो. दांडा उसळतो आणि थोबाडावर बसतो. तो वैतागून गुरगुरतो, वळतो, तर पुढे दुसरं दाताळं. असं नऊ वेळा होतं. भाग वेळेत कमी भरत होता म्हणून हे दृश्य ताणलं गेलं, हे तुमच्या मित्राला ठाऊक असेल आणि तो त्याचा पुरावा म्हणून वापरत असेल. पण विनोद कशासाठी लिहिला गेला याच्याशी प्रेक्षकाला काय करायचंय? पडद्यावर काय घडतं ते बघावं.

बॉब कोण आहे ते आठवा. येलमध्ये शिकलेला, केल्सी ग्रामरच्या भरदार आवाजात अलंकारिक इंग्रजी बोलणारा, आपल्या अभिरुचीचा प्रचंड अभिमान असलेला माणूस. याच भागाच्या शेवटी बार्ट त्याला शेवटची इच्छा म्हणून एक अख्खी संगीतिका गाऊन दाखवायला सांगतो. हा गातो, आणि गाण्याच्या नादात हातातली शिकार घालवतो. इतका स्वतःवर खूश असलेला माणूस शेतातल्या एका साध्या अवजारापुढे नऊ वेळा हरतो. दुसऱ्या-तिसऱ्या फटक्याला हसू ओसरतं, हे खरं. सहाव्या-सातव्याला ते परत येतं आणि जास्त जोरात येतं, कारण तोवर आपण दांड्याकडे बघायचं सोडून त्याच्या गुरगुरण्याकडे लक्ष देऊ लागतो. त्या आवाजात राग आहे आणि शरणागतीही. हे दृश्य होमरला दिलं असतं तर तिसऱ्या दाताळ्याला संपलं असतं, कारण होमरकडे गमावण्यासारखा रुबाबच नाही. फुसका विनोद ओळखायची माझी पद्धत हीच आहे: तो त्या पात्राकडून काढून दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचा. काहीच बिघडलं नाही, तर तो त्याचा नव्हताच.

आता जॉकी. 'सॅडलसोर गॅलॅक्टिका', ६ फेब्रुवारी २०००. सिम्पसन्सकडे एक घोडा येतो, शर्यती जिंकू लागतो, आणि जॉकी होमरला धमकावतात की घोडा हरला पाहिजे. हे जॉकी माणसं नसून बुटके आहेत, असं पुढे उघड होतं. यावर चाहते आजही दात-ओठ खातात. मला बुटके एवढे खुपत नाहीत. हॅलोवीनच्या भागांत याहून काय काय होतं, आणि आपण ते आनंदाने बघतो.

मला खुपतं ते त्याच भागातलं दुसरं एक दृश्य. घोडा घरी आणायचं ठरतं तेव्हा कॉमिक्सच्या दुकानाचा मालक, म्हणजे 'कॉमिक बुक गाय', मध्येच येऊन आठवण करून देतो की या कुटुंबाने पूर्वीही घोडा पाळला होता आणि त्याचा खर्च झेपला नव्हता. बरोबरच आहे. १९९१च्या 'लिसाज पोनी'मध्ये लिसाच्या तट्टासाठी होमर दोन-दोन नोकऱ्या करतो, झोपेविना फिरतो. कॉमिक बुक गायने इथे 'आजवरचा सगळ्यात वाईट भाग' असं लिहिलेला टीशर्ट घातलेला आहे. लेखकांना खोट दिसली होती. ती भरून काढायची सोडून त्यांनी ती स्वतःच बोलून दाखवली, म्हणजे आपण बोलायच्या आत आपलं तोंड बंद. हा विनोद कुठलंही पात्र कुठल्याही भागात करू शकतं, आणि त्यात 'लिसाज पोनी'तल्या त्या थकलेल्या बापाची किंमत कमी होते. म्हणून निकाल असा: भाग तुम्ही बरोबर निवडलात, जागा चुकली.

एक जोड द्यायलाच हवी. 'आजवरचा सगळ्यात वाईट भाग' हेच वाक्य १९९७च्या पूचीच्या भागात (पूची म्हणजे मालिकेतल्या मुलांच्या आवडत्या कार्टूनमध्ये आणलेला नवा कुत्रा) पहिल्यांदा आलं तेव्हा ते उत्कृष्ट होतं. बार्ट कॉमिक बुक गायला विचारतो, हे कार्टून करणाऱ्या लोकांनी तुला इतके तास फुकट करमणूक दिली, ते तुझं काय देणं लागतात? उलट तूच त्यांचं देणं लागतोस. त्यावर क्षणभर थांबून तो तेच वाक्य परत म्हणतो. तिथे तो विनोद अगदी त्याचा होता. त्याच्या टीशर्टावर छापून येईपर्यंत तीन वर्षं गेली, आणि त्यात तो सगळ्यांचा झाला.

नमस्कार ताई. दर वेळी तुम्ही दोन्ही बाजू सांगता. मला एकच नाव हवंय. तुमच्या मते या मालिकेतला सगळ्यात फुसका विनोद कोणता?

होमरने अ‍ॅम्ब्युलन्सच्या जागेत गाडी लावली, तो.

वर सांगितलेल्या जॉकींच्या भागानंतर बरोबर एका आठवड्याने, १३ फेब्रुवारी २०००ला, शेजारच्या नेड फ्लँडर्सची बायको मॉड मरते. शर्यतीच्या मैदानावर प्रेक्षकांत तोफेने टीशर्ट उडवत असतात. होमर 'इकडे, इकडे' म्हणून ओरडतो, ऐन वेळी खाली वाकतो, आणि तो मारा मॉडला लागून ती स्टँडवरून खाली पडते. मॉडला आवाज देणाऱ्या मॅगी रॉझवेल यांनी मानधनाच्या वादातून मालिका सोडली होती, त्यामुळे पात्र संपवणं समजण्यासारखं आहे. ती पडते तो क्षणही मला सहन होतो. पण नंतर होमर स्वतःच्या तोंडाने सांगतो की आपणच गाडी अ‍ॅम्ब्युलन्सच्या जागेत लावली होती, त्यामुळे तिला वाचवण्याची शक्यताच उरली नाही. आणि हे हसण्यासाठी आहे.

मी का चिडते ते नीट सांगते. होमर आळशी, खादाड, बेजबाबदार आहे, आणि त्याच्या मूर्खपणाची झळ बहुतेक वेळा त्याला स्वतःलाच बसते. १९९५चा 'अँड मॅगी मेक्स थ्री' बघा. तिसरं मूल होणार म्हणून त्याला आवडती नोकरी सोडून अणुऊर्जा केंद्रात परत यावं लागतं. केंद्राचा मालक मिस्टर बर्न्स त्याच्या टेबलासमोर पाटी लावतो: विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस. त्या पाटीवर होमर मॅगीचे फोटो अशा हिशोबाने चिकटवतो की उरलेल्या अक्षरांतून 'हे तिच्यासाठी कर' एवढंच वाचता येतं. हा विनोदच आहे, कोड्यासारखा रचलेला. मला तो आजही कोरड्या डोळ्यांनी बघता येत नाही. ज्या माणसाने ते फोटो लावले, तोच माणूस शेजारच्या दोन पोरक्या मुलांच्या बापाला पार्किंगबद्दल हे सहज सांगून मोकळा होतो, हे मला मान्य नाही. तो होमर नाही. कोणीतरी होमरला बोलतं करणाऱ्या डॅन कॅस्टेलनेटाचा आवाज उसना घेतलाय, असं वाटतं.

लोकांना हसू येत असेल, तर त्यांच्या हसण्याला माझी हरकत नाही. पण नाव मागितलंत, म्हणून दिलं.

माझा मोठा भाऊ म्हणतो, १९९७ नंतरचे भाग बघायचेच नाहीत, सगळे टाकाऊ. खरं का?

दादाचा रोख १९९७च्या 'द प्रिन्सिपल अँड द पॉपर' या भागावर असणार. त्यात मुख्याध्यापक स्किनर हा मुळात स्किनर नाहीच, आर्मिन टॅमझेरियन नावाचा तोतया आहे, असं निघतं. शेवटी न्यायाधीश हुकूम काढतो की सगळं पूर्वीसारखं समजायचं आणि हा विषय कोणी पुन्हा काढायचा नाही. स्किनरला आवाज देणाऱ्या हॅरी शिअरर यांनीही या कथेवर उघड नाराजी दाखवली होती, त्यामुळे दादा एकटा नाही.

पण सरसकट काट मारू नका. २००७ सालच्या 'इटर्नल मूनशाइन ऑफ द सिम्पसन माइंड' या भागाला एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं, आणि ते योग्यच होतं. आदल्या रात्री काय झालं हे दारूच्या अमलात विसरलेला होमर मार्जबद्दल नाही नाही ते मनात आणतो. आणि मार्ज लपवत काय असते? त्याच्यासाठी ठरवलेली पार्टी. दादाला वर्ष न सांगता हा एक भाग दाखवा.

मालिकेतला भारतीय दुकानदार अपू याच्याबद्दल विचारायचं आहे. त्याचा उच्चार हाच त्याचा एकमेव विनोद होता, असं मला वाटतं. घरात कोणाला पटत नाही. तुमचं मत?

तुम्हाला जे टोचतं ते खरं आहे, आणि त्याला मोठा इतिहास आहे. सत्यजित रायांच्या चित्रपटत्रयीतल्या अपूवरून या दुकानदाराचं नाव पडलं. आवाज मात्र हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकी अभिनेत्याचा. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदवीराने २०१७मध्ये माहितीपट काढून सांगितलं की अमेरिकेतली त्याच्या पिढीची मुलं शाळेत याच आवाजात चिडवली गेली. मालिकेने २०१८मध्ये यावर जे उत्तर दिलं, ते मला फार कोतं वाटलं. पूर्वी चालायचं ते आता चालत नाही, काय करणार, असा लिसाच्या तोंडी सूर. बाकी सगळी पात्रं सोडून नेहमी न्यायाची बाजू घेणाऱ्या लिसाच्या तोंडी! २०२०च्या जानेवारीत अझारिया यांनी हा आवाज आपण यापुढे देणार नाही असं सांगितलं, आणि त्याच वर्षी मालिकेने गौरेतर पात्रांना गोऱ्या कलाकारांनी आवाज द्यायचा नाही असं ठरवलं.

'एकमेव' या शब्दाशी मात्र मी सहमत नाही. १९९६च्या 'मच अपू अबाउट नथिंग'मध्ये तो अमेरिकी नागरिकत्वाची तोंडी परीक्षा देतो. परीक्षक विचारतो, अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं कारण काय? अपू सुरू होतो: गुलामगिरी होतीच, त्याखेरीज आर्थिक कारणं, राजकीय कारणं, देशातली आणि बाहेरची... परीक्षक त्याला तोडतो, नुसतं गुलामगिरी म्हणा. अपू निमूटपणे तेवढंच म्हणतो आणि पास होतो. इथे हसं होतं ते परीक्षकाचं. हा विनोद साध्या सपाट उच्चारात म्हणून बघा, जसाच्या तसा राहतो. 'थँक यू, कम अगेन' हे त्याचं ठरलेलं वाक्य तसं म्हणून बघा. काही उरतं का?

म्हणजे या लेखकांना अपू चांगला लिहिता येत होता. वर्षानुवर्षं त्यांनी सोपा रस्ता धरला, याचं मला जास्त वाईट वाटतं.

'डफलेस' भागात दारूच्या कारखान्याच्या दृश्याला सगळे हसले. मी परत परत पाहिलं, विनोद दिसलाच नाही. काय सुटलं?

तुमच्याकडून काहीच सुटलेलं नाही. पडद्याचा तेवढा भागच कापला गेला असणार.

१९९३चा हा भाग जुन्या, जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी काढलेला आहे. होमर आणि त्याचा मित्र बार्नी डफ बिअरचा कारखाना बघायला जातात. डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन टाक्या दिसतात, आणि वर बघितलं की कळतं, तिन्हींत एकाच पाइपातून तीच बिअर पडते आहे. कोणी काही बोलत नाही, सगळा विनोद चित्रातच आहे. डिस्ने प्लसवर नोव्हेंबर २०१९मध्ये मालिका आली तेव्हा जुने भाग आजच्या रुंद पडद्यात बसवायला वरची-खालची पट्टी छाटली होती. त्यात पाइप गेला आणि तीन टाक्या तेवढ्या राहिल्या. चाहत्यांनी आरडाओरडा केल्यावर मे २०२०मध्ये मूळ आकारात बघायची सोय दिली गेली. सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार निवडा आणि तेच दृश्य पुन्हा लावा. १९८९ ते २००८पर्यंतचे सगळेच भाग तसे बघा, कारण या मालिकेत दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरचे कागदसुद्धा कोणीतरी मन लावून लिहिलेले असतात.

शेवटचा, छोटा प्रश्न. भागाच्या सुरुवातीला सगळं कुटुंब सोफ्यावर बसायला येतं, तो विनोद कधी चुटकीसरशी संपतो, कधी लांबतच जातो. असं का?

भाग कमी भरला की तो लांबवतात. रांगेत पाय उडवत नाचणाऱ्या नर्तिकांपासून हत्तींपर्यंत अख्खी सर्कस दिवाणखान्यात येते तो सोफा तुम्ही पाहिला असेल. तो लांबलचक असल्यामुळे अशा अडचणीत अनेकदा कामी आला आहे. मला तो प्रत्येक वेळी आवडतो.