सटन हे आडनाव आले कुठून?

प्रश्न : इंग्रजांचे 'सटन' हे आडनाव आपल्या गुहागरकरांसारखे गावावरूनच पडले का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : होय. जुन्या इंग्रजीत 'सूथ' म्हणजे दक्षिण आणि 'तून' म्हणजे वस्ती. थोडक्यात, दक्षिणवाडी! पण इंग्लंडात सटन नावाची गावे कितीतरी आहेत, त्यामुळे सगळे सटन एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. शिवाय असे आडनाव बहुधा गाव सोडलेल्यालाच चिकटे. गुहागरातच राहणाऱ्याला गुहागरकर कोण म्हणणार? म्हणून मूळ शोधताना आसपासच्या गावांची दप्तरेही चाळावीत. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी १८३७ पासूनच्या. त्याआधीसाठी चर्चची नोंदपुस्तके. ती ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण अनेक ठिकाणची सुरुवातीची पाने गहाळ आहेत. स्पेलिंग वारंवार बदलते, तेव्हा उच्चारावरून शोधा.