शिंगरू का तट्टू?

एका ताईंनी विचारलंय, गड्ड्याच्या यात्रेत मुलगा छोट्या घोड्यावर बसला आणि घरी येऊन सांगतोय की शिंगरावर बसलो, आजी म्हणतात शिंगरू नाही रे तट्टू, आणि शाळेच्या पुस्तकात पोनी आहे, मग नेमकं काय म्हणायचं?

आजी बरोबर आहेत. शिंगरू म्हणजे घोडीचं पिल्लू, ते वयाचं नाव. तट्टू हे अंगलटीचं नाव, ठेंगणी जातच ती, दहा वर्षांचं झालं तरी तेवढंच राहणार. शिंगराचा घोडा होतो, तट्टाचा होत नाही. पोनीची इंग्रजी पद्धत म्हणजे खांद्याच्या उंचवट्यापर्यंत १४.२ हँडच्या आत भरलं पाहिजे, आता हा हँड आपला कोपरापासूनचा हात नव्हे बरं का, तो ४ इंचांचा, आणि टिंबापुढचा २ म्हणजे २ इंच, एकूण ५८ इंच झाले. डोकं मोजत नाहीत कारण ते खाली-वर होतं. पण हा नियम लई ताणू नका, अरबी घोडा यापेक्षा बुटका निघाला तरी घोडाच, आणि पोलोतले पोनी बऱ्याचदा चांगले उंच घोडे असतात.

मुलाचा घोळ का झाला ते मला वाटतं आपल्या भाषेतच आहे. वासरू, कोकरू, लेकरू, पिल्लू, सगळी लहानगी ऊकारान्त आणि नपुंसक, त्यात तट्टू पण तसंच, मग कानाला ते पिल्लूच वाटणार ना. रूपं पण तशीच चालतात, लिंबू-लिंबाला तसं तट्टू-तट्टाला, शिंगरू-शिंगराला. हल्ली 'तट्टूला' सर्रास ऐकू येतं, मला खटकतं, पण असो. 'भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजा' यात जुनं रूप टिकलंय बघा. थडी म्हणजे काठ, ही भीमा म्हणजे पंढरपुरातली आपली चंद्रभागाच, आणि मराठ्यांनी ज्यांच्यावर बसून उत्तर गाठली ती ही काटक, कमी चाऱ्यावर चालणारी जनावरं.

एक सांभाळा मात्र. भाड्याचं तट्टू या वाक्प्रचारानं शब्दाची किंमत उतरलीय. अकलूजच्या घोडेबाजारात मी एकदा एका बुटक्या घोडीकडं बोट करून विचारलं, हे तट्टू केवढ्याला? मालकानं काही न बोलता तिचा ओठ वर केला, कडेचे दुधाचे दात पडून पक्के आलेले, म्हणजे पाच वर्षांची पुरी, मग पांढरे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा दाखवला आणि म्हणाला, "पंचकल्याणी हाय सायेब, तट्टू काय म्हन्ता?" किंमत शेवटपर्यंत सांगितलीच नाही.