‘पाच तासांत माझं भागतं’ हे कशावरून ठरवलंत?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आठ महिने फिरत्या शिफ्टमध्ये आहात, रोज जेमतेम पाच-सहा तास झोप होते, सुरुवातीला जड गेलं पण आता अंगवळणी पडलंय, सुट्टीच्या दिवशी ताणून देऊन बाकी वसूल करता. मग अपुऱ्या झोपेवरचं संशोधन प्रयोगशाळेपुरतंच, नाही का? मी बावीस वर्षं कंट्रोल रूममध्ये काढली आणि त्यातली पहिली दहा अगदी हेच बोलत होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

2003 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डोंगेन, डेव्हिड डिंजेस आणि सहकाऱ्यांनी 48 निरोगी माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना सलग 14 रात्री अंथरुणात चार तास मिळाले, काहींना सहा, काहींना आठ. एका गटाला तीन दिवस झोपूच दिलं नाही. मधूनमधून एक महाकंटाळवाणी चाचणी: दहा मिनिटं पडद्याकडे बघत बसायचं, आकडे दिसले की बटण दाबायचं. आकडे दोन ते दहा सेकंदांत कधीही येतात, नेम नाही. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की चूक धरतात. हुशारी लागत नाही, माणूस फक्त जागेवर हवा. सहा तासवाल्यांच्या चुका रोज वाढत गेल्या आणि दोन आठवड्यांनी अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतक्या झाल्या. चार तासवाल्यांची अवस्था त्याहून वाईट.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र याच्या पुढे आहे. ‘झोप कितपत येतेय?’ असं त्यांना विचारत होते. पहिले काही दिवस ती जास्त येते असं त्यांनी सांगितलं, मग उत्तर जवळपास तिथेच थांबलं. इकडे चुका वाढताहेत आणि तिकडे माणूस म्हणतोय, ‘तसा ठीक आहे मी.’ तुम्हाला झालेली सवय बहुधा हीच.

माझं सांगतो. एकदा रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून सेकंड शिफ्टला जोडून नाईट केली. सकाळी हँडओव्हर देताना लॉगशीट (दर तासाचे आकडे हाताने लिहायचा तक्ता) पाहिली, तर पहाटे चारच्या ओळीतला प्रेशरचा आकडा तीनच्या ओळीतून जसाच्या तसा उतरवलेला, आणि पाचच्या ओळीतही तोच. अक्षर माझं. आकडे आपोआप नोंदणाऱ्या रेकॉर्डरच्या कागदावर मात्र त्या दोन तासांत प्रेशर चांगलंच खाली आलेलं दिसत होतं. मी झोपलो नव्हतो, शपथेवर सांगितलं असतं. डोळे उघडे ठेवून काही सेकंद मेंदू गैरहजर होतो, आणि ते ज्याचं त्याला कळत नाही. त्या दिवशी काही बिघडलं नाही, तो निव्वळ योग.

पहाटेच का, तर शरीरात दोन हिशेब एकाच वेळी चालतात. 1982 मध्ये झोपेचे संशोधक अलेक्झांडर बोरबेली यांनी ही मांडणी केली: एक, जागरण वाढेल तसा साचत जाणारा झोपेचा दाब, आणि दुसरं आतलं घड्याळ. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास दाब चढलेला आणि घड्याळ तळाला, दोन्ही उलटे पडतात. सातला उजाडल्यावर हुशारी वाटते ती घड्याळ वर चढायला लागल्यामुळे. दाब तसाच असतो. त्या हुशारीवर भरवसा ठेवून लोक घरी जायला गाडीची किल्ली फिरवतात. डॉसन आणि रीड या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवलं होतं, की सलग 17 तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो, 24 तासांनी सुमारे 0.10 टक्के.

(चेर्नोबिल रात्री 1 वाजून 23 मिनिटांनी झालं म्हणून तेही झोपेच्या खात्यात टाकण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. अणुभट्टीच्या रचनेतच दोष होते. सगळं ऑपरेटरच्या पेंगेवर ढकलणं साहेबलोकांच्या सोयीचं.)

सुट्टीत भरून निघतं का? थोडंफार. बेलेंकी या संशोधकांच्या गटाने आठवडाभर तीन, पाच किंवा सात तास झोपवलेल्यांना नंतर तीन रात्री आठ-आठ तास दिले, तरी ते पूर्वपदावर आले नाहीत. तुमचा तर एकच रविवार.

डुलकीची मात्र लाज बाळगू नका. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणातच आळीपाळीने 40 मिनिटं दिली. त्यात सरासरी 26 मिनिटं झोप लागली आणि पुढच्या प्रवासात ते न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सावध राहिले. फक्त उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं जड असतं, तेवढ्यात व्हॉल्व्हला हात लावू नका. चहा-कॉफीने पेंग झाकली जाते, बाकी काही फिटत नाही.

पुढच्या आठवड्यात आपल्याच जुन्या शीट काढा, तीन ते पाचच्या नोंदी रेकॉर्डरशी ताडून बघा आणि काय सापडतं ते इथे लिहा. तोवर डबल शिफ्ट झालीच, तर घरी जाताना गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.