चुरचुरणारं क्रीम आणि दोन मेणं

प्रश्न : मी घरीच क्रीम बनवते. त्यासाठी तेल आणि पाणी एकजीव करणारं मेण, म्हणजे ‘इमल्सिफायिंग वॅक्स’, मागवलं. माझ्या हातांना ते छान मानवलं. पण चार वर्षांच्या लेकीच्या कोपराच्या लवणीत एक्झिमा आहे, तिथे लावलं की आग होते म्हणून रडते. असे इमल्सिफायर वाईटच असतात का? नुसतं मधमाश्यांचं मेण घालू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लेकीला हे क्रीम लावणं आजच थांबवा आणि वॅक्सच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा. या एकाच नावाने वेगवेगळी मेणं विकली जातात. ब्रिटिश फार्माकोपियाच्या (ब्रिटनमधल्या औषधांच्या अधिकृत मानकांच्या) मेणात ९० टक्के सिटोस्टिअरिल अल्कोहोल आणि १० टक्के सोडियम लॉरिल सल्फेट (शाम्पूत फेस आणणारं रसायन) असतं. दुसऱ्या प्रकारात सल्फेटऐवजी पॉलिसॉर्बेट ६० हा दुसरा इमल्सिफायर असतो, तो बराच सौम्य. (‘अल्कोहोल’ शब्दाला बिचकू नका, ते मेणासारखं स्निग्धच असतं.)

तुमचं पहिलं असेल, तर संशय सल्फेटवरच. शाम्पूतलं सल्फेट धुऊन जातं. क्रीममधलं तासन्‌तास त्वचेवर राहतं आणि तिचं आवरण आणखी कमकुवत करतं. एक्झिमात हे आवरण आधीच विरलेलं असतं. ब्रिटनमधल्या ‘अ‍ॅक्वियस क्रीम’चं उदाहरण बघा. त्यात ३० टक्के मलम, मलमात ३० टक्के हेच मेण, मेणात १० टक्के सल्फेट, म्हणजे अवघं ०.९ टक्के. तेवढ्यानेही, विशेषतः एक्झिमाच्या मुलांना, आग होऊ शकते, असा इशारा तिथल्या औषध नियामकाने २०१३ मध्ये दिला.

मधमाश्यांचं मेण एकटं पाणी धरून ठेवत नाही, क्रीम फुटतं. टाकणखार घातला तर धरतं, पण मिश्रण अल्कधर्मी होतं. लेकीला तेही नको.

स्वतःसाठी १०० ग्रॅम करताना : पाणी ७०, ग्लिसरीन ३, तेल २०, पॉलिसॉर्बेटवालं मेण ६, फिनॉक्सिइथेनॉल (क्रीम टिकवणारं द्रव्य) १ ग्रॅम. पाणी-ग्लिसरीन एका भांड्यात, तेल-मेण दुसऱ्यात, दोन्ही ७०-७५ अंशांपर्यंत तापवा. पाणी गार असेल तर मेण लगेच थिजतं आणि क्रीम रवाळ होतं. एकत्र करून फेटा, कोमट होईपर्यंत ढवळत राहा. मध्येच सोडलंत तर पाणी सुटतं. उडून गेलेलं पाणी वजन करून उकळलेल्या पाण्याने भरून काढा. फिनॉक्सिइथेनॉल ४० अंशांखाली घाला, वगळू नका. पाणी आहे तिथे बुरशी येणारच.

लेकीच्या एक्झिमावर घरचं क्रीम नकोच. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवेपर्यंत साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा. तिच्यात पाणी नसतं, त्यामुळे इमल्सिफायरही लागत नाही.