आजी नाव विसरली, भाकरी विसरली नाही

बार्शीकडच्या एका अकरावी सायन्सच्या मुलीनं लिहिलंय, "आजी मलाच विचारते तू कुणाची गं, पण परात पुढ्यात ठेवली की भाकरी तशीच गोल थापते. हे डोक्यात कसं होतं ते मला शिकायचंय. पप्पा म्हणतात नीट दे, न्यूरोलॉजिस्ट हो. दुसरा रस्ता आहे का?"

बाळा, आधी आजीचं. वय झालं म्हणून सोडून देऊ नका, एकदा न्यूरोलॉजिस्टला दाखवा, बी१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, त्यानंसुद्धा विसरायला होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं.

आता तुझा प्रश्न. अमेरिकेत हेन्री मोलेसन म्हणून २७ वर्षांचा एक जण होता, फिट्स थांबत नव्हत्या म्हणून १९५३ साली सर्जन स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग) बराचसा भाग काढला, फिट्स कमी झाल्या पण नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, रोज त्याला वाटायचं आपण हे पहिल्यांदाच करतोय, आणि तरी हात रोज सुधारत गेला! म्हणजे आठवणीचं खातं एकच नाही. माणसं, प्रसंग यांच्या नव्या आठवणी हिप्पोकॅम्पसमुळे पक्क्या होतात, हाताची सवय बेसल गँग्लिया (मेंदूत खोलवर असलेले पेशींचे पुंजके) आणि लहान मेंदू सांभाळतात. आजीच्या भाकरीत मला तेच दिसतं.

आणि बघ, स्कोव्हिल डॉक्टर होते, मिल्नर बाई नव्हत्या, त्या सायकॉलॉजीतल्या. पप्पांना हे नक्की सांग. पेशंट बरा करायची ओढ असेल तर नीटच दे, एमबीबीएस, मग एमडी, मग डीएम (न्यूरोलॉजीतली पुढची पदवी), बारा-एक वर्षं लागतात, तयारी ठेव. पण "हे होतं कसं" याचीच ओढ असेल (पत्रावरून मला तरी तसंच वाटतंय) तर आयसरची, म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या सरकारी संस्थांची, प्रवेश परीक्षा आयएटी दे, पुण्यातच आयसर आहे, पाच वर्षांचं बीएस-एमएस, पुढे मानेसरचं मेंदू संशोधन केंद्र एनबीआरसी, बेंगळुरूची विज्ञान संस्था आयआयएससी किंवा तिथलंच मेंदू-मनाच्या आजारांचं निम्हान्स, तिथं पीएचडी. फक्त गणित सोडू नकोस, आयएटीत ६० पैकी १५ प्रश्न त्याचे असतात आणि मेंदूचा डेटा बघायलाही तेच लागतं. पगार उशिरा सुरू होतो, हेही पप्पांपासून लपवू नकोस.

निकाल लागेपर्यंत एक वही कर. आजी काय विसरली, काय न सांगता केलं, कुठल्या ओवीला आपोआप सूर लावला, तारखेसकट लिही. डॉक्टरांकडे जाताना ती सोबत ने.