लोकवर्गणीतून बंद पडलेली रेल्वे लाईन परत सुरू करता येते का? नाशिकची ट्राम आणता येईल का?

लाईन सुरू करता येते, ब्रिटनमध्ये बऱ्याच झाल्यात. ट्रामचं अवघड आहे. तुम्ही म्हणताय की ब्रिटनमधल्या लोकांनी पैसे जमवून जुन्या गाड्या चालू केल्या तर नाशिककरांनी का करू नये, क्यूआर कोड टाकू, बघू किती जमतात. मी जुन्या नाशकातल्या एका गणेश मंडळाचा खजिनदार आहे आणि रेल्वेचं वेड लहानपणापासून, त्यामुळे वर्गणी आणि रूळ दोन्हीवर बोलतो.

ट्राम १८८९ ची. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, चार घोडे डबे ओढायचे, १९३० नंतर दोन-तीन वर्षांत बंदच पडली. सल्लागार इंजिनिअर होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप, ज्यांनी पुढे १८९७ ला बार्शी लाईट रेल्वे काढली. त्याच कॅलथ्रॉपनी नंतर तिकडे इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड लाईन केली, ती १९३४ ला बंद झाली, रूळ उचलले आणि आता तिथे लोक फिरायला जातात, सायकली चालवतात. म्हणजे तिकडेही सगळं वाचलं असं काही नाही बरं का.

वाचलं कोणतं, तर जिथे रूळ आणि जागा शाबूत होती ते. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे बघा, १८६५ ची, स्लेटच्या खाणीची छोटी लाईन. मालक १९५० ला वारले, बर्मिंगहॅमला रेल्वेप्रेमी जमले, संस्था काढली, मालकांच्या पत्नीने लाईन त्यांच्या हाती दिली आणि १४ मे १९५१ ला गाडी सुटली पण. चालायच्या लायकीचं इंजिन एकच, सात मैलांपैकी सुरुवातीला थोडाच भाग चालू, पण तिकीट काढून लोक बसायला लागले की पुढचे पैसे मागायला तोंड असतं. आपल्याकडे त्यातल्या त्यात असं काही व्हायचं तर विदर्भातल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचं होईल, तिचा मार्ग तरी शिल्लक आहे. आपल्या ट्रामच्या मार्गावर आज दुकानं आणि ट्रॅफिक. मेन रोडवर स्कूटर लावायला जागा मिळत नाही, रूळ कुठे टाकणार? म्हणून पहिला प्रश्न पैशाचा नाहीच, सातबारा कुणाच्या नावावर आहे तो.

आता वर्गणी. 'वारसा वाचवा' म्हणून कोणी पैसे देत नाही, दिले तरी एकदाच देतं. आमच्या मंडळात 'मंडपासाठी' म्हटलं तर शंभर निघतात, 'ढोलाचं पान बदलायचंय, एवढे लागतात' म्हटलं की समोरचा म्हणतो ते माझ्याकडून. टोर्नॅडो नावाचं वाफेचं इंजिन तिकडे लोकांनी पार नवीन बांधलं, खर्च सुमारे ३० लाख पौंड, २००८ ला चालू झालं. देणगीदारांना सांगितलं होतं आठवड्याला सव्वा पौंड द्या, एका बियरच्या ग्लासाचे पैसे, पण दर आठवड्याला. मोठ्या देणग्या, कंपन्यांची मदत, कर्जरोखे तेही होतंच, पण पाया या बारीक नियमित पैशाचा. आणि ब्लूबेल रेल्वेने तर कचरा उचलायला पैसे जमवले! इंग्लंडमधल्या ईस्ट ग्रिनस्टेड गावाकडे जाणाऱ्या मार्गावरच्या कटिंगमध्ये, म्हणजे रुळांसाठी खोदलेल्या खोल चरात, गावाचा कचरा भरून ठेवला होता, तो सगळा काढला तेव्हा कुठे २०१३ ला लाईन तिथे पोचली.

उद्घाटनाला पैसे मिळतात हो, नंतर मिळत नाहीत ही खरी गोम आहे. वाफेच्या इंजिनाचा बॉयलर तिकडे साधारण दर दहा वर्षांनी पूर्ण खोलून नव्यासारखा करावा लागतो, त्याशिवाय चालवू देत नाहीत. तो खर्च पहिल्या दिवसापासून बाजूला टाकायला लागतो, आणि त्याचा फोटो कोणी फेसबुकवर टाकत नाही.

तुम्हाला खरंच करायचंय तर ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा, देणगीवरच्या करसवलतीची ८०जी नोंदणी घ्या (दोन हजारांच्या वर रोख घेतली तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, मंडळवाले नेमके इथे फसतात), आणि रूळ सोडून एकच वस्तू मागा, ट्रामचा एक डबा जुन्या फोटोंवरून हुबेहूब बांधायचा. लाकूड किती, चाकं किती, सुतारकाम किती असे वेगवेगळे आकडे लावा, ज्याला जे परवडेल त्याने ते घ्यावं. फक्त डबा ठेवायची जागा लेखी मिळाल्याशिवाय पावतीपुस्तक छापू नका.